खो देणाऱ्याचे नाव कोण लिहितो?

ऊसतोडीच्या दिवसांत बारामतीहून वालचंदनगरकडे निघालेल्या माणसाने घड्याळ घरी ठेवून यावे. रस्त्यावर उसाने खच्चून भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या, त्यांच्यामागे आपली एस.टी., आणि गाडीत आपण. असाच रखडत मी गेल्या हिवाळ्यात एका दुपारी कळंबला पोहोचलो. काम नात्यातल्या लग्नाच्या बैठकीचे होते. बैठक चार वाजता उरकली आणि परतीच्या गाडीला तासभर अवकाश होता. जवळच्या मैदानावरून शिट्टीचा आणि पोरांच्या ओरडण्याचा आवाज येत होता. पाय आपोआप तिकडे वळले.

कळंब हे नीरेच्या काठचे गाव. नदीच्या अलीकडे पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका, पलीकडे सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस. 1930च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी याच परिसरात ऊस आणि साखरेची वसाहत उभी केली आणि कळंबच्या शिवेला लागून वालचंदनगर वसले. तेव्हापासून इथल्या पोरांच्या एका कानाला शेताचा आणि दुसऱ्या कानाला भोंग्याचा आवाज पडत आला आहे. मैदानावर चुना टाकून आखलेल्या पाट्या, दोन टोकांना दोन खांब, आणि दोन महाविद्यालयांच्या संघांत खो-खोचा सामना. सामना काही फार मोठा नव्हता. प्रेक्षक शे-सव्वाशे असतील, त्यांत निम्मे खेळाडूंचे मित्र.

माझ्या शेजारी धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसले होते. मैदानावर एक उंच, सडपातळ मुलगा सुसाट धावत होता आणि त्याच्या प्रत्येक सुरावर टाळ्या पडत होत्या. मीही वाजवल्या. म्हातारबुवांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “पावनं, गडी बाद करतोय त्यो लांबडा. पर खेळ खेळवतोय त्यो गिड्डा. जरा त्याच्याकडं बघा.”

मी बघितले. आणि गाडी चुकवली.

त्या एका वाक्यामुळे आजचा हा लेख लिहितो आहे. दोन्ही मुलांची नावे देत नाही. दोघे अजून शिकत आहेत, आणि माझ्या मताचे ओझे त्यांच्या पाठीवर नको. म्हातारबुवांनी दिलेलीच नावे ठेवू या : लांबडा आणि गिड्डा.

कोणाला, कधी, कसा?

खो-खो आपण सगळेच शाळेत खेळलो आहोत, त्यामुळे हा खेळ आपल्याला कळतो असा आपला समज असतो. ज्याच्यामागे पळायचे त्याच्यामागे पळायचे आणि दमलो की पुढच्याच्या पाठीवर हात मारायचा, एवढाच खो-खो बहुतेकांच्या आठवणीत असतो. खरा खेळ यापेक्षा बराच डोक्याचा आहे.

पाठलाग करणाऱ्या बाजूचे नऊ जण मैदानात असतात. त्यांतले आठ मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा धावतो. समोर तीन-तीनच्या तुकडीने येणारे पळणारे गडी. आता गंमत अशी की, पळणारा गडी मधल्या पाटीवरून हवा तसा आरपार जाऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याला ती मुभा नाही. त्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचे नाही आणि मधली पाटी ओलांडायची नाही. थोडक्यात, पळणाऱ्याला सगळे मैदान मोकळे आणि पाठलाग करणाऱ्याच्या पायांत बेड्या. ही बेडी सोडवण्याची किल्ली एकच, ती म्हणजे खो. ज्या बाजूला आपल्याला जाता येत नाही त्या बाजूला तोंड करून बसलेल्या भिडूच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणायचे, त्याला उठवायचे आणि आपण त्याच्या जागी बसायचे.

म्हणजे खो देणारा प्रत्येक वेळी तीन निर्णय घेत असतो. खो कोणाला द्यायचा, कधी द्यायचा आणि कसा द्यायचा. हे तिन्ही निर्णय पळत असताना, पळणाऱ्या गड्यावरची नजर न काढता, डोळ्यांची पापणी लवेपर्यंत घ्यायचे. त्यात नियमांचा काच आहेच. भिडूची आडवी पाटी ओलांडून पुढे गेलात तर त्याला खो देता येत नाही. हात लागण्याआधी भिडू उठला तर तो नियमभंग. आवाज आला आणि स्पर्श झाला नाही, किंवा स्पर्श झाला आणि आवाज आला नाही, तरी पंचाची शिट्टी वाजते. एका शिट्टीने पाच-सहा सेकंदांचा पाठलाग वाया जातो आणि तेवढ्यात पळणारा गडी श्वास घेऊन मोकळा होतो. नऊ मिनिटांच्या पाळीत असे चार श्वास त्याला मिळाले तर तो पुढे हाताला लागत नाही.

लांबड्याची तऱ्हा

लांबड्याची टांग लांब. तो उठला की दुसऱ्या पावलातच वेग पकडतो. त्याचा खो उशिरा येतो. समोर गडी मधल्या पाटीतून पलीकडे निसटतो आहे असे दिसले तरी तो लगेच खो देत नाही. आणखी एक भिडू मागे टाकतो, आणखी एक, आणि गड्याला वाटू लागते की हा आता खांबापर्यंत जाणार. तेवढ्यात अगदी आडव्या पाटीच्या कडेवर त्याचा हात खाली येतो. खो मोठा, खणखणीत, सगळ्या मैदानाला ऐकू जाणारा. हातही जोरात. भिडू नुसता उठत नाही, तो पुढे ढकलला जातो.

या तऱ्हेचे फायदे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. उशिराच्या खोमुळे पळणाऱ्याला अंदाज बांधता येत नाही. लांब धावणाऱ्या माणसाची पळणाऱ्याला धास्ती वाटते, आणि धास्तावलेला गडी चुकतो. लांबड्याच्या अंगात सूरही आहे. तांबड्या मातीवर, कोपरे सोलून घेत, तो चार-पाच हातांवरच्या गड्याच्या घोट्याला बोट लावतो. खांबाशी तर तो फार धोक्याचा. डाव्या हाताने खांबाला विळखा घालून अंग पलीकडे झोकून देतो आणि खांबाआड सुरक्षित आहोत असे समजणारा गडी बाद होऊन उभा राहतो. हे पाहताना टाळी वाजवायला कोणाची परवानगी लागत नाही.

पण म्हातारबुवांनी सांगितल्यावर मी त्याच्या भिडूंकडेही पाहू लागलो. लांबड्याने उठवलेला भिडू पहिल्या पावलाला अडखळत होता. पाठीवर जोराचा हात बसला की माणूस आधी स्वत:ला सावरतो, मग धावतो. शिवाय लांबडा कोणाला खो देणार हे बसलेल्या कोणालाच आधी कळत नव्हते. त्यामुळे पळणारा जसा फसत होता तसा अधूनमधून भिडूही फसत होता. दोनदा तर भिडू अंदाजाने आधीच उठला आणि शिट्टी वाजली. लोक भिडूवर ओरडले. लांबड्यानेही त्याच्याकडे रागाने पाहिले.

गिड्ड्याची तऱ्हा

गिड्डा उठला की पहिल्यांदा काहीच घडत नाही असे वाटते. तो दोन-तीन पावले टाकतो आणि खो देतो. पुन्हा त्याला खो मिळतो, पुन्हा तीन पावले आणि खो. लांबून पाहणाऱ्याला वाटावे की हा पोरगा धावायचा कंटाळा करतो आहे. माझाही पहिला समज तोच झाला.

नंतर हळूहळू लक्षात येते. समोरचा गडी गोल धरून खेळत होता, म्हणजे दोन-तीन बसलेल्या भिडूंभोवती चकरा मारत स्वत:चा दम राखत होता. हा गोल या भागातल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. तुकोबांच्या पालखीचे पहिले गोल रिंगण जवळच्या बेलवाडीला होते, आणि रिंगणातला अश्व कसा फिरतो हे इथल्या पोराने कळत्या वयापासून पाहिलेले असते. गोलात फिरणाऱ्या गड्यामागे नुसते धावून तो सापडत नाही. तो गोल मोडावा लागतो. गिड्ड्याचे आखूड खो हे गोल मोडण्याचे काम करत होते. गडी डावीकडे झुकला की डावीकडचा भिडू उठलेला, उजवीकडे झुकला की उजवीकडचा. चौथ्या-पाचव्या खोला त्याचा गोल लांबट झाला, सातव्याला तो खांबाच्या दिशेने सरकू लागला. त्याला स्वत:लाही ते कळले नसावे. मेंढरू वाड्याकडे वळवावे तसे गिड्ड्याने त्याला वळवले होते. धावून नाही, पाठीमागून दुसऱ्यांना उठवून.

त्याचा हात मी मुद्दाम पाहिला. पंजा पूर्ण उघडा, खांद्याच्या जरा खाली, आणि स्पर्श हलका. आवाज मोठा नाही, पण स्वच्छ, आणि प्रत्येक वेळी हाताच्या बरोबर. त्याने उठवलेला भिडू अडखळत नव्हता. तो जणू आधीच धावत असावा तसा सुटत होता. आणखी एक गोष्ट. गिड्डा बसला की त्याची मान फिरत राहायची. उठून धावताना कोणाला खो द्यायचा हे तो बसल्या बसल्या ठरवत होता.

दोषही सांगितला पाहिजे. या तऱ्हेत खो जास्त, म्हणून चुकण्याची संधीही जास्त. आठही भिडू जागे असतील तरच ती चालते. एक जरी आळशी निघाला तर साखळी तिथे तुटते. आणि गिड्ड्याला एकट्याच्या बळावर सामना फिरवता येत नाही, लांबड्याला तो कधीतरी येतो. शेवटचे वीस सेकंद उरले असताना आणि एकच गडी बाद करायचा असताना मला कोण उठलेला आवडेल, असे कोणी विचारले, तर मी प्रामाणिकपणे लांबड्याचेच नाव घेईन. पण पाळीची उरलेली साडेआठ मिनिटे? तिथे माझे मत गिड्ड्याला.

वहीतला रकाना

पाळी संपण्याच्या बेतात जे घडले ते सांगतो. समोरच्या संघाचा सर्वात चिवट गडी मैदानात होता. गिड्ड्याने त्याला गोलातून काढून खांबाकडे आणले. गडी मधल्या पाटीतून निसटणार, एवढ्यात गिड्ड्याने खो दिला तो नेमका लांबड्याला. लांबडा उठला, दोन टांगा टाकल्या आणि खांबावरून झेप घेतली. गडी बाद. मैदानावर एकच कल्ला झाला. लांबड्याला पोरांनी उचलून घेतले. गिड्डा नियमाप्रमाणे लांबड्याच्या रिकाम्या चौकोनात बसला होता. तो तिथेच बसून राहिला, कारण पाळी संपल्याची शिट्टी अजून व्हायची होती.

सामन्यानंतर मी गुणलेखकाच्या टेबलाशी गेलो. वही पाहायला मागितली, त्या मुलाने आनंदाने दिली. व्यवस्थित भरलेली वही होती. कोणता गडी किती मिनिटे टिकला, कोणी बाद केला, कसा बाद केला, सूर मारून की खांबावर, सगळे लिहिलेले. लांबड्याच्या नावावर सहा गडी होते. गिड्ड्याच्या नावावर एक. त्या सहांपैकी किती गडी गिड्ड्याच्या खोमुळे पडले होते? वहीत ते शोधण्याची सोयच नव्हती. खो कोणी दिला याचा रकाना त्या वहीत नाही. नियमभंगाची नोंद होते, म्हणजे चुकलेला खो लिहिला जातो. बरोबर दिलेला खो कुठेच लिहिला जात नाही.

हा काही त्या गुणलेखकाचा दोष नाही. आपण खेळ मोजायलाच तसे शिकलो आहोत. पण या मोजण्याला पुढे पाय फुटतात. काही आठवड्यांनी त्या भागातल्या मुलांतून वरच्या एका संघाची निवड झाली. लांबडा निवडला गेला, आणि तो निवडला जायलाच हवा होता. गिड्डा राहिला. निवड कशाच्या आधारे झाली असे मी ओळखीच्या एका क्रीडाशिक्षकांना विचारले. ते म्हणाले, “कागदावर काय दाखवणार साहेब? एक गडी!”

शहरातल्या वाचकाला वाटेल, नाही निवडला गेला तर काय बिघडले? पोरगा पुढच्या वर्षी खेळेल. खेड्यातल्या पोराच्या बाबतीत हिशेब वेगळा असतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण ते मिळते वरच्या पातळीवरच्या प्रमाणपत्राला आणि पदकाला. त्या पातळीवर जाण्याची वाट निवडीच्या दारातून जाते. ते दार एकदा बंद झाले की घरचे विचारतात, आता खेळणे पुरे झाले, बारामतीच्या एम.आय.डी.सी.त कुठे लागतोस का बघ. गिड्ड्याचे वडील दुसऱ्याच्या शेतात पाणी धरायला जातात. असल्या घरात खेळण्याला दिलेली मुदत फार मोठी नसते.

मी गिड्ड्याला गाठून विचारले, “तू दिलेल्या खोवर गडी बाद होतात, ते तुझ्या नावावर नसतात. वाईट वाटत नाही?” तो जरा गोंधळला. म्हणाला, “सर, पळाला तो. मग गडी त्याचाच ना?” शेजारी लांबडा बुटाची नाडी सोडत होता. त्याने मान वर न करता सांगितले, “सहातले चार ह्याचेच हायेत, सर. मला म्हाईत हाय.”

जे मला एका दुपारी दिसले ते लांबड्याला रोज ठाऊक होते. त्याच्या भिडूंना ठाऊक होते. म्हातारबुवांना तर होतेच. ज्यांच्या हातात निवड होती त्यांच्यापर्यंत तेवढे पोहोचले नाही, कारण ते कागदाने पोहोचते आणि कागदावर तो रकाना नाही.

वजीर आला, पण मोजणी तीच

खो-खोला घडवण्यात महाराष्ट्राचा आणि त्यातही पुण्याचा वाटा मोठा. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला पहिल्यांदा नियमांची चौकट दिली, असे मानले जाते. पुढे नियम अनेकदा बदलले, पाट्यांची मापे बदलली, मातीची जागा मोठ्या सामन्यांत मॅटने घेतली. मानसन्मान मात्र उशिराने आणि हात आखडून आले. धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा खो-खोसाठी हा पुरस्कार तब्बल 22 वर्षांनी दिला जात होता.

2022 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत व्यावसायिक खो-खो लीगचा पहिला हंगाम झाला आणि खेळात ‘वजीर’ आला. बुद्धिबळातल्या वजिरासारखा हा खेळाडू पाठलाग करताना कोणत्याही दिशेला वळू शकतो. इतरांच्या पायांतली बेडी त्याच्या पायांत नाही. प्रेक्षकांना ते आवडले आणि खेळ वेगवान झाला, हे मान्य. त्याच हंगामात सूर मारून किंवा खांबावरून बाद केलेल्या गड्याला साध्या स्पर्शापेक्षा जादा गुण ठेवले होते. दूरचित्रवाणीवर सूर चांगला दिसतो, तेव्हा सुराला बक्षीस. खो दिसत नाही, त्याला काही नाही. वजिराच्या रूपाने आपण खो न देताही वळू शकणारा माणूस निर्माण केला, पण खो देऊन वळवणाऱ्याची दखल घेण्याचे मनात आले नाही.

2025च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला 54-36 असे हरवले, महिलांनी नेपाळलाच 78-40 असे. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्या आठवड्यात कित्येक घरांत लहान मुलांनी दूरचित्रवाणीसमोर गादीवर सूर मारले असतील. त्यांच्यापैकी एखाद्याने तरी गादीवर खो द्यायचा सराव केला असेल का? मला शंका आहे. जे मोजले जाते आणि ज्याला टाळी पडते तेच मूल शिकते.

बाहेरच्या जगाने हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणतात तो हाताने चेंडू फेकण्याचा दांडगा खेळ आहे. त्यात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू फेकतो आणि दुसरा तो झेलून पळत सुटतो. कॉलेजांच्या सामन्यांतसुद्धा त्या फेकणाऱ्याने किती चेंडू फेकले, किती आपल्या माणसाच्या हाती पडले, किती शत्रूने पळवले, त्यातून किती अंतर कापले गेले, याची बारीक नोंद होते. दोन क्वार्टरबॅकांमध्ये कोण सरस, यावर तिकडे घराघरांत वाद होतात. एकाचा हात लांब पल्ल्याचा, तर दुसऱ्याचा हात आखूड पण अचूक. म्हणजे आपल्या लांबड्या-गिड्ड्याचाच वाद की! फरक एवढाच की, तिकडे वाद घालायला दोघांचेही आकडे हाताशी असतात. बास्केटबॉलमध्येही जाळीत चेंडू टाकणाऱ्याबरोबर तो हातात आणून देणाऱ्याची नोंद ठेवतात. आपल्या मातीतल्या खेळात, ज्याचे नावच मुळी ‘खो’ आहे, त्यात खो देणारा मात्र बेनाव.

करता येण्यासारखे

यावर आक्षेप येईल तो असा : एका पाळीत शेकडो खो होतात, ते कसे लिहायचे? आणि कोणता खो गडी बाद होण्याला कारणीभूत, हे कोण ठरवणार? आक्षेप खोटा नाही. म्हणून मी सगळे खो लिहा असे म्हणत नाही. गडी बाद झाला की ज्याने बाद केला त्याच्या नावापुढे, त्याला उठवणाऱ्याचे नाव लिहावे. एवढेच. शेवटचा खो कोणाचा, हे पंचाला, गुणलेखकाला आणि पाहणाऱ्याला, सगळ्यांना स्पष्ट दिसते. त्यात वादाला जागा नाही. गडी स्वत:च्याच पाठलागात खांब वळून बाद केला असेल तर त्या रकान्यात रेघ मारावी.

एवढ्याने गिड्ड्याला पुरता न्याय मिळेल असेही नाही. गोल मोडणारे आधीचे सहा खो वहीत येणार नाहीतच. पण एक रकाना वाढला की निवडणाऱ्याची नजर एकदा तरी त्या नावावर थांबेल. थांबली की तो मैदानाकडे पाहील, आणि मैदानावर सगळे दिसतेच. यासाठी कोणत्याही संघटनेच्या ठरावाची वाट पाहायला नको. शाळेचा क्रीडाशिक्षक पट्टी आणि पेन्सिल घेऊन उद्याच्या सराव-सामन्यापासून हे सुरू करू शकतो. निवड चाचणीतही मुलांना फक्त पळवून आणि सूर मारायला लावून पाहू नये. त्यांना बसवून पाहावे. बसलेल्या मुलाची मान कुठे फिरते, यावरून त्याचा खेळ कळतो.

आणि हे फक्त मैदानापुरते नाही, म्हणून रविवारच्या सकाळी आपल्यासमोर मांडतो आहे. आपल्या भाषेचे मला नवल वाटते. मैदानावर खो ‘देतात’, भाषेत खो ‘घालतात’. कामाला खो घालणे म्हणजे ते मोडणे. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवले की आपण म्हणतो, नुसता खो-खो चालला आहे. म्हणजे खो हा शब्द आपण अडवणुकीसाठी आणि टाळाटाळीसाठी राखून ठेवला. दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला वेळेवर उठवणे आणि आपण त्याच्या जागी खाली बसणे, हा त्याचा मूळ अर्थ मात्र म्हणीत कुठे उतरला नाही.

घरातही काय वेगळे आहे? दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढे मुलाच्या हातात असतात. पहाटे पाचला गजर होण्याआधी उठून त्याच्या खोलीतला दिवा लावणारी आई स्वयंपाकघरात असते. थोरल्या बहिणीने शिक्षण सोडले म्हणून धाकटा शिकला, अशी घरे आपल्या प्रत्येकाच्या माहितीत आहेत. कधी आपलेच घर तसे असते. त्या बहिणी कुठे लिहिल्या गेल्या? पुष्कळदा त्यांनाही विचारले तर त्या गिड्ड्यासारखेच उत्तर देतील : शिकला तो, मग यश त्याचेच ना? त्यांचा हा मोठेपणा आहे. पण त्यांच्या मोठेपणावर आपली वही कोरी ठेवणे, हा आपला कोतेपणा होतो.

त्या संध्याकाळी मी शेवटच्या गाडीने परतलो. निघताना म्हातारबुवांना विचारले, तुम्ही खेळत होता का? ते हसले. म्हणाले, “खेळलो की, चांगला धा-बारा वर्सं.” गडी किती बाद केले असतील, असे विचारल्यावर त्यांनी हात झटकला. “आवं, म्या कशाला बाद करतोय? म्या खो द्यायचो.”

त्यांच्या वेळच्या वह्या आता कुठल्या सापडायला? आणि सापडल्या तरी त्यांत त्यांचे नाव असण्याचे कारण नाही. गिड्ड्याच्या वहीत मात्र अजून पाने शिल्लक आहेत. पुढच्या हिवाळ्यात त्या मैदानावर कोणी एक जादा रकाना आखला, तर पेन्सिलीला फार त्रास पडणार नाही.